मैदानावरचे रझाकार

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या हायस्कुलाची स्मरणिका घरी आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर इमारतीचा फोटो, आत मंत्र्यांचे संदेश. त्यात 'शाळेची क्रीडापरंपरा' नावाचा एक लेख आहे. लेखक म्हणतो की निजामी अमदानीत शाळेत खेळ असे नव्हतेच, आणि ड्रिलच्या नावाखाली काय चाले ते तेव्हाचे ड्रिलमास्तर पुढे अटकेत गेले यावरूनच समजावे. लेखक जन्मला अठ्ठेचाळीसनंतर. त्याने कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखा मी एक गावात उरलो आहे, आणि मी अजून बहिरा झालेलो नाही.

मी स्मरणिका भिंतीवर फेकून मारली. आवाजाने सूनबाई आतून आल्या. "काय झालं मामा?" म्हणाल्या. मी म्हटलं, झुरळ होतं. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. ते ड्रिलमास्तर म्हणजे गफूरमास्तर, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. लोक टाळतात तसंच, स्वतःला वाचवून टाळलं. आता त्या पोरसवदा लेखकाने लिहिलंच आहे, तर मीही लिहितो.

अब्दुल गफूर हे त्यांचं नाव. काळेसावळे, रुंद खांद्यांचे, डोक्यावर केस थोडे आणि डाव्या गुडघ्यात बाक. उभे राहिले की शरीराचा भार उजवीकडे पडायचा आणि माणूस काहीतरी ऐकायला वाकला आहे असं वाटायचं. शिट्टी त्यांच्याकडे होती, सरकारी, पितळेची. ती त्यांनी कधी वाजवली नाही. दोन बोटं तोंडात घालून ते जी शीळ घालत ती बाजारापर्यंत ऐकू जाई. मैदानात चालताना ते सतत खाली वाकून खडे वेचत. सदऱ्याचे दोन्ही खिसे खड्यांनी लोंबत असत. आमचं मैदान म्हणजे मुरमाड माळ, आणि पोरं खेळायची अनवाणी. उशिरा येणाऱ्या पोराला शिक्षा एकच, पन्नास खडे वेचून आणायचे आणि त्यांच्यापुढे मोजायचे. मैदानाच्या कडेला त्या खड्यांचा कमरेएवढा ढीग झाला होता.

मी तेव्हा शाळेत मुंशी होतो, म्हणजे कारकून. शाळा उर्दू माध्यमाची. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, घरात धाराशिव. मी उर्दूतच शिकलो, उर्दूतच हिशेब ठेवले, उर्दूतच अर्ज लिहिले. घरी आईशी मराठी आणि बाजारात लिंगायत दुकानदारांशी मोडकंतोडकं कानडी. आमच्याकडे हे असं होतं आणि कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. गफूरमास्तर दख्खनी बोलत. पोरांकडून मराठी शिकून ते दोन्ही एकत्र कालवत. "गेंद को लई प्यार नक्को करो रे," असं म्हणत. बॉल पायात घोळवत बसणाऱ्या पोराला ही तंबी होती.

त्यांचा पूर्वेतिहास मला सलग कधी कळला नाही. तो तुकड्यातुकड्यांत मिळाला. वडील हैदराबादला एका घोडेस्वार पलटणीत मोतद्दार, घोड्यांची खिजमत करणारे. मास्तर तबेल्यात वाढले. चिंध्यांचा चेंडू, मग फाटक्या ब्लॅडरचा, मग एक दिवस पलटणीच्या टीममध्ये एक गडी कमी पडला म्हणून खरा. त्यांना शिकवलं एका म्हाताऱ्या हवालदाराने, ज्यांना ते नुसतं 'उस्ताद' म्हणत. उस्तादांचा नियम होता की बॉल आला की एकदाच शिवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. दोनदा शिवला तर त्या संध्याकाळी तबेला झाडायचा. मास्तरांनी म्हणे पहिले सहा महिने रोज तबेला झाडला. पुढे ते त्या टीमचे सेंटर हाफ झाले. बंगळूरला बूट घातलेल्या गोऱ्या सोल्जरांशी अनवाणी खेळले. तिथेच एका बुटाने गुडघा फुटला. पलटणीने विचारलं, कोठीवर जातोस की शाळेत ड्रिल शिकवतोस. ते शाळेत आले.

बंगळूरचा तो सामना ते शंभरदा सांगत. पण गंमत अशी की गोल कुणी मारला हे त्यांना कधी आठवत नसे. बॉल कुणाकडून कुणाकडे गेला, कोण कुठल्या पायावर उभा होता, वारा कुठून होता, हे सगळं सांगत. पोरं विचारत, "मास्तर, गोल कुनी मारला?" ते चिडत. "क्या मालूम. गेंद मैंने दिया था." पोरं हसत आणि पुन्हा विचारत. मला वाटतं त्यांना खरंच आठवत नव्हतं.

शाळेत त्यांची नेमणूक ड्रिलसाठी. लेफ्ट-राइट ते आठवड्यातून दोन वेळा उरकत, तोंड कडू करून. उरलेल्या संध्याकाळी फुटबॉल. शेतातून, पेठेतून, बोर्डिंगातून येणाऱ्या पोरांना त्यांनी जमवलं. वकीलसाहेबांचा चंद्रकांत कप्तान झाला. टांगेवाल्याचा नूर गोलात. सास्तूरकडचा मल्लाप्पा नावाचा एक दांडगा लिंगायत पोर बॅकला. त्याच्या घरी कानडी चाले आणि शाळेत त्याला उर्दूचे हिज्जे येत नसत, पण बॉल त्याच्या अंगावरून कधी पलीकडे गेला नाही.

सगळ्यांचा रोग एकच, उजवा पाय. डाव्याने लाथ मारायची म्हणजे पोरं घसरून पडत. मास्तरांनी त्यावर उपाय काढला तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. दर बुधवारी प्रत्येकाने उजव्या घोट्याला रुमाल बांधायचा. "आज सीधे पैर का रोजा है," असं ते जाहीर करत. त्या दिवशी उजव्या पायाने बॉल शिवायचा नाही. शिवला तर रोजा तुटला, पन्नास खडे. पोरांनी त्याचं लगेच मराठी केलं, 'उजव्या पायाचा उपास'. एकदा बुधवारीच एकादशी आली. चंद्रकांताने साळसूदपणे विचारलं, "मास्तर, आज डाव्या पायानंबी उपास धरायचा का? मग खेळायचं कशानं?" मास्तरांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "डावे पैर को शाबुदाना चलता." हे वाक्य पुढे कित्येक वर्षं आमच्या गावात बोललं जात होतं. कुणाचं ते मात्र लोक विसरले. सोयीचं तेवढं विसरायला आमचं गाव पटाईत आहे.

वर्षभरात पोरं दोन्ही पायांनी खेळायला लागली. तेव्हा महायुद्ध चालू होतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजची टीम आमच्याकडे सामन्याला आली. मोठी, मिशा फुटलेली मुलं, पायात बूट, अंगात एकसारखे सदरे. आसपासच्या खेड्यांतून माणसं आली. बेंबळीहून तर बैलगाड्यांची रांग. एवढ्या गर्दीची व्यवस्था कोण बघणार, म्हणून हेडमास्तरांनी गफूरमास्तरांना सांगितलं की खेळणारे आणि न खेळणारे मिळून चांगली पोरं निवडा आणि त्यांना कामं वाटून द्या. पाणी द्यायला, दोर धरायला, बायकांची बसायची जागा राखायला. मास्तरांनी बावीस पोरं निवडली. मल्लाप्पा सामना खेळायचा होता तरी सकाळभर घागरी वाहत होता. मीही त्या दिवशी खाली बसलो नाही. कोपऱ्यावर निशाण घेऊन उभा होतो.

आमची पोरं सामना हरली, एका गोलाने. पण शेवटच्या पाच मिनिटांत बॉल चंद्रकांताकडून मल्लाप्पाकडे, मल्लाप्पाकडून डाव्या बाजूला, तिथून पुन्हा आत असा फिरला की बूटवाले नुसते गोल गोल फिरत राहिले. माणसं उभी राहिली. मास्तर मात्र खाली मान घालून खडे वेचत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दाखवायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला सामन्याची नोंद खेळाच्या रजिस्टरात करायला सांगितली. मी ती उर्दूत केली, झोकदार अक्षरात. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. एका पानावर पाहुणे, निकाल, आणि मास्तरांचं नाव. पुढच्या पानावर कामं केलेल्यांची यादी. आता उर्दूत स्वयंसेवकाला काय म्हणतात? रझाकार म्हणतात. आपल्या राजीखुशीने काम करणारा तो रझाकार. यादीवर मथळा दिला 'रझाकार', आणि आधीच्या पानावर लिहिलं, रझाकारांचे प्रमुख अब्दुल गफूर, ड्रिलमास्तर. त्या दिवशी तो शब्द साधा होता. पाणी वाटणाऱ्याचा शब्द होता.

पुढे तो शब्द दुसऱ्यांनी उचलला आणि त्याचं काय केलं ते मला कुणी सांगायला नको. माझ्या मावशीचं घर त्यांनी जाळलं आहे. सत्तेचाळीसच्या अखेरीस त्या लोकांपैकी चारजण शाळेत आले. आमच्या जवानांना ड्रिल शिकवा, मास्तरसाहेब, तुम्ही पलटणीतले, असं म्हणाले. मी बाजूच्या खोलीत होतो. मास्तर म्हणाले, "घुटना गया है साहब, मेरेसे लेफ्ट-राइट नहीं होता." दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदानावर पोरांबरोबर पळत होते. त्या लोकांना ते कळलं. त्यांनी येऊन गोलाचे खांब उपटले आणि लाठ्या करायला घेऊन गेले. मास्तरांनी खड्यांचे दोन ढीग करून गोल केला आणि त्यातच नूरला उभं केलं. गावातल्या निम्म्या लोकांनी हे पाहिलं होतं. वकीलसाहेबांनी तर माझ्याजवळ मास्तरांची तारीफ केली होती.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामशाही गेली. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. आणि मग जे झालं तेही पाहिलं. खेड्यांतून मुसलमान घरंच्या घरं रिकामी झाली, काही रिकामी करण्यात आली. त्याबद्दल आमच्याकडे कुणी स्मरणिका काढत नाही.

नवे अधिकारी मुंबई इलाख्यातून आले. आमच्याकडे आलेले साहेब तरुण, स्वच्छ कपड्यांचे, स्वच्छ मराठीचे. वाईट गृहस्थ नव्हते, म्हणूनच त्यांचा जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांना उर्दू येत नव्हतं. त्यांनी हुकूम काढला की शाळेतल्या नोकरांसंबंधीची सगळी पानं आठ दिवसांत मराठीत करून द्यावीत, नावं आणि हुद्दे मुळाबरहुकूम ठेवावेत. मी बसलो. शेकड्यांनी पानं. सकाळी बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. मुदर्रिस, मोहतमीम, नाझर, सगळे हुद्दे मुळाबरहुकूम. आणि त्याच ओघात, मास्तरांचं नाव होतं म्हणून, खेळाच्या रजिस्टरातलं ते पानही उतरवलं, 'रझाकारांचे प्रमुख : अब्दुल गफूर, ड्रिलमास्तर.'

लिहिताना हात थांबला नाही. देशभर तो शब्द शिवीसारखा झाला होता, मीही तो रोज शिवीसारखा उच्चारत होतो, आणि तरी रजिस्टरात तो समोर आला तेव्हा मला फक्त घागरी वाहणारी पोरं दिसली. ज्या भाषेत शिकलो त्या भाषेत तो शब्द निरागसच राहिला होता. माझ्यासारखा गाढव दुसरा नसेल. सगळं काम मी वेळेआधी एक दिवस पूर्ण करून दिलं आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी मास्तरांना मैदानावरून नेलं. पोरांचा खेळ चालला होता. शिपाई आले, मास्तरांनी बॉल हाताने उचलून नूरकडे दिला आणि निघाले. खिशातले खडे शिपायांनी चौकीवर काढून ठेवले आणि पंचनाम्यात 'दगड' असं लिहिलं. हे मी नंतर स्वतः वाचलं.

मी उतरवलेल्या त्या ओळीवरून धरलं, हे कळलं. मी साहेबांकडे धावलो. सांगितलं की साहेब, तो शब्द वेगळा आहे, स्वयंसेवक असं लिहायला हवं होतं, चूक माझी. साहेबांनी शांतपणे कागद पुढे केला.

"हे तुमचंच अक्षर ना?"

"होय."

"मूळ नोंदही तुम्हीच केलेली?"

"होय."

"तेव्हा रझाकार लिहिलंत, आता स्वयंसेवक म्हणता. उद्या आणखी काही म्हणाल. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मोकळेपणाने सांगा."

मी म्हटलं, दबाव नाही, शब्दच तसा आहे. ते किंचित हसले. शब्दाला दोन अर्थ असतात हे ज्याने फक्त पुस्तकात वाचलं आहे त्याला ते पटवता येत नाही. भर म्हणून मास्तरांच्या खोलीत टीमचा जुना फोटो सापडला होता. पलटणीच्या टोप्या घातलेले अकरा जण, मध्ये मास्तर, पायाशी बॉल. साहेबांनी टोप्यांवर पेन्सिलीने गोल केले होते. बॉलवर केला नव्हता.

ही बातमी सास्तूरला मल्लाप्पापर्यंत गेली. शाळा सोडून तो आता शेती करत होता. तो गाडी जुंपून आला, रात्री मुक्काम न करता, तसाच धुळीने भरलेला साहेबांच्या कचेरीत. मी दाराशी होतो. त्याला वाटलं खरं सांगितलं की संपलं.

"सायेब, मास्तर लई सादा माणूस हाय. रझाकार म्हंजी पानी वाटनारा. म्या बी हुतो की रझाकार. म्या घागरी व्हायल्या."

कचेरीतला टाइपरायटर थांबला. साहेबांनी त्याला पुन्हा विचारलं, तू कोण होतास? तो आणखी मोठ्याने म्हणाला, "रझाकार हुतो न्हवं का. मास्तरांच्या हाताखाली. आमी लईजन हुतो."

त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं. त्याचे वडील आणि गावचे पाटील हातापाया पडले तेव्हा, हा मुलगा भोळसट आहे असं लिहून घेऊन सोडलं. ज्याने आख्ख्या जिल्ह्यात एकट्याने खरं सांगितलं त्याला सरकारी कागदावर भोळसट ठरवण्यात आलं.

तेव्हा मला रजिस्टरातलं पुढचं पान आठवलं, नावांचं. ते पान नोकरांसंबंधी नव्हतं म्हणून मी भाषांतरात घेतलंच नव्हतं. त्यात वकिलांचा मुलगा होता, देशमुखांचा होता, दोन गुजरांचे होते. हे सगळे रझाकार असणं शक्य नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ते पान म्हणजे मास्तरांची सुटका होती. मी आधी वकीलसाहेबांकडे गेलो. ते आता गावातले पुढारी, खादी, टोपी, घरी माणसांची रीघ. मी म्हटलं, तुम्ही बरोबर या, तुमच्या शब्दाला वजन आहे.

"चंद्रकांताचं नाव आहे त्यात?" त्यांनी विचारलं.

"कप्तानच होता. पहिलं नाव त्याचंच."

त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "हे बघा मुंशी, मास्तर चांगला माणूस, मला माहीत नाही का? पण वरचा मथळा काय आहे? रझाकार. त्या मथळ्याखाली माझ्या मुलाचं नाव सरकारदरबारी जाणार. आज साहेब हसतील. उद्या निवडणुकीत कुणी ते पान फडकवलं तर?" मग हळूच म्हणाले, "ते पान तुमच्याकडंच आहे ना अजून? कुणी बघितलं तर न्हाय?"

चंद्रकांत आतल्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. ज्याला डाव्या पायाने बॉल द्यायला शिकवण्यात मास्तरांनी एक वर्ष घालवलं, तो पोरगा दाराची कडी हलवत उभा राहिला आणि मग आत गेला. मी त्या घराच्या पायऱ्या उतरताना थुंकलो. त्यापेक्षा जास्त काही केलं नाही.

जेलमध्ये मास्तरांची भेट मिळाली. ते आवारात बसून जमिनीतले खडे उकरत होते. मी सगळं सांगितलं, मल्लाप्पाचं, वकिलांचं, पानाचं. म्हटलं, वकील येवोत न येवोत, मी उद्याच ते पान साहेबांच्या टेबलावर ठेवतो.

मास्तरांनी हात थांबवले. "नक्को मुंशीजी."

"का?"

"बाईस नाम हैं. उसमें नौ लडके हमारे. नूर है. हिंदू लडकों को समझाके छोड देते, मल्लाप्पा को छोडे वैसा. इन नौ को कौन छोडता, बताओ." मग म्हणाले, "मैं अकेला हूँ. घुटना भी गयेला. ये लोगां बच्चे हैं."

मी मान डोलावली. फार लवकर डोलावली. घरी येऊन ते पान रजिस्टरातून काढलं आणि आईच्या पोथीच्या फडक्यात ठेवलं.

अकरा महिने त्यांना आत ठेवलं. कुणी साक्ष दिली नाही, विरुद्धही नाही, बाजूनेही नाही. गाव गप्प बसलं. बाजारात त्यांचा विषय निघाला की लोक हवापाण्यावर जात. शेवटी पुरावा नाही म्हणून सोडलं, आणि पुरावा नसतानाच नोकरीतून कमी केलं. हुकमात लिहिलं होतं, पुन्हा घेण्यास अपात्र. तो हुकूमही मीच मराठीत नकलून काढला. या वेळी शब्द सगळे बरोबर होते.

ते हैदराबादला बहिणीकडे निघाले. मी येडशीपर्यंत बरोबर गेलो. स्टेशनवर छोटी गाडी यायला अवकाश होता. एक ट्रंक, एक बिछाना. गावातून दुसरं कुणी आलं नव्हतं. नूरचा बाप टांगा घेऊन निघाला होता, पण त्याला वाटेतच कुणीतरी दम देऊन परत पाठवलं.

मी खिशातून ते पान काढलं. म्हटलं, "मास्तर, आता धरपकड थांबली आहे. मुलं मोठी झाली. हैदराबादला वरच्या साहेबांना दाखवा. नोकरी परत मिळेल."

त्यांनी पान गुडघ्यावर पसरलं आणि मोठ्याने हजेरी घ्यावी तसं वाचायला लागले. चंद्रकांत. नूर. मल्लाप्पा. प्रत्येक नावापाशी थांबून एकेक वाक्य. हा खांद्याने ढकलायचा. हा पाऊस आला की घरी पळायचा. याचा डावा उजव्यापेक्षा चांगला होता, पण त्याला ते कुणी सांगितलं नाही. चंद्रकांताबद्दलही तेवढ्याच मायेने बोलले आणि मला तिथेच त्यांना हलवून जागं करावंसं वाटलं. बाविसाव्या नावाशी ते आले. तिथे त्यांचा अंगठा कागदावर टेकलेला होता.

"बाईस," ते म्हणाले. "बराबर हैं."

बरोबर नव्हते. त्या अंगठ्याखाली तेविसावं नाव होतं. निशाणवाला म्हणून, माझ्याच हाताने, झोकदार अक्षरात लिहिलेलं माझं नाव. मास्तरांना धरलं तेव्हा निजामाच्या कारकुनांची छाननी चालू होती. माझं लग्न नुकतंच झालं होतं. साहेबांसमोर मी माझी चूक म्हणालो, पण मीही त्या यादीत होतो हे म्हणालो नाही. स्वतःबद्दल ते मल्लाप्पाने म्हटलं. जेलमध्ये मास्तरांनी नको म्हटलं तेव्हा माझ्या छातीवरून ओझं उतरलं होतं, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो की मास्तरांनीच मला थांबवलं.

"मास्तर," मी म्हटलं, "तेवीस आहेत."

त्यांनी पान घडी करून माझ्या खिशात घातलं. घडी मिटेपर्यंत अंगठा उचलला नाही.

"मैंने बाईसच गिने थे मुंशीजी," म्हणाले. "जेल में भी बाईसच बोला था ना?"

गाडी आली. मी ट्रंक चढवली. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं, एकदा म्हणायचं होतं की मुंशी, तुझं नाव घेऊन तू ये, मग बघितलं असतं मी काय करतो ते. त्यांनी विचारलं नाही. मी येणार नाही हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं आणि ते झाकून टाकलं. या गोष्टीचा मला आज त्या साहेबांपेक्षा, त्या वकिलापेक्षा जास्त राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी बसून दोन्ही हातांनी डावा गुडघा दाबत होते. मी हात वर केला. त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा गुडघा दाबायला लागले.